मणक्यातलं दूध

माझ्या हाडांची बातमी माझ्याआधी माझ्या नवऱ्याला कळते.

मी जाईला मांडीवर घेऊन बसलेली असते, ती एका हातानं माझी हनुवटी चाचपत पीत असते, आणि फोन वाजतो. तिकडे गुजरातच्या किनाऱ्यापासून लांब, समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर सुहास काम करतो. वर्षातून दोनदा घरी येतो. बाकी वर्षभर माझा आकडा बघतो.

"दर्शू, आकडा उतरलाय."

"हो का."

"हो का काय? नाचणी खातेस ना?"

"खाते."

"आणि आईनं पाठवलेले डिंकाचे लाडू?"

"खाते रे."

"मग उतरतोय कसा?"

जसं काही मी हाडं काढून कुठं लपवून ठेवत होते. जाई कशी आहे हे तो शेवटी विचारायचा, फोन ठेवता ठेवता. मी कशी आहे हे विचारायची गरजच नव्हती. ते त्याच्या हातातल्या पडद्यावर हिरव्या-लाल रंगात दिसत होतं.

पाटणच्या वरचं हे पठार. झाड नाही, वारा आहे, आणि वाऱ्यात उभे पवनचक्क्यांचे टॉवर. त्यांवर चढून मी दुरुस्ती करते. हे पठार आमचं होतं. कागदावर कधीच नव्हतं, पण माझा बाप आणि त्याचा बाप इथं म्हशी चारायचे. आम्ही गवळी धनगर. टॉवर आले, कुंपण आलं, म्हशी कड्याखाली गेल्या. मी आयटीआय केलं आणि कुंपणाच्या आत परत आले, कंपनीचं हेल्मेट घालून. चढणाऱ्याला पठारावर क्वार्टर मिळतं. न चढणाऱ्याला पुण्यात खुर्ची आणि कानाला हेडफोन. मला ती खुर्ची नको होती. आणि जाईचं दूधही तोडायचं नव्हतं, कारण अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ कुणीतरी माझ्याकडे बघत असायचं.

या दोन गोष्टींच्या मधे ती पट्टी आली.

घोट्याच्या वर बांधायची, चार बोटं रुंद. सगळे तिला हाडपट्टी म्हणतात. तिची करामत मी समजून घेतली आहे, कारण जी वस्तू माझी चुगली करते ती कशी करते हे मला कळलंच पाहिजे. कॅल्शियमचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. काही हलके, काही किंचित जड. हाड बांधताना शरीर हलके अणू जास्त उचलतं, म्हणून हाडात हलकं कॅल्शियम साठून असतं. हाड विरघळायला लागलं की तो हलका माल रक्तात उतरतो. पट्टी कातडीखालच्या ओलाव्यातून कॅल्शियम किती आणि कोणत्या वजनाचं ते तपासते, आणि नडगीत आवाजाच्या लहरी सोडून हाडाची दाटी मोजते. म्हणजे आज तुमच्या अंगात फिरणारं कॅल्शियम ताटातून आलं की मणक्यातून, हे तिला कळतं. आणि तिला कळलं की कंपनीला, विमावाल्याला, नवऱ्याला आणि कऱ्हाडच्या सासूबाईंना कळतं. त्याला 'कुटुंब सुविधा' म्हणतात.

आकडा लाल रेघेखाली गेला की चढायला बंदी. उंचावरच्या माणसाचं हाड मोडू नये म्हणून केलेला नियम. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यापुढं माणूस म्हणजे बाप्या होता. पठारावर टॉवर चढणारी पहिली बाळंतीण मी.

कंपनीच्या दवाखान्यात एक खुर्ची आणि एक पडदा आहे. पडद्यावर डॉ. अन्विता सबनीस येतात. बाई सरळ. खोटं बोलत नाहीत, फक्त काही बदलू शकत नाहीत.

"मी एवढं खाते, मग हाडं का जातात?" मी विचारलं.

"खाण्यामुळं जात नाहीत, म्हणून खाण्यानं थांबतही नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमची छाती सध्या नुसतं दूध करत नाही, एक संप्रेरकही करते. ते रक्तातून हाडांकडं जातं आणि सांगतं, कोठार उघडा, बाळाला माल हवाय. एरवी हाडांची राखण इस्ट्रोजेन करतं. पाजणाऱ्या बाईत तेही कमी झालेलं असतं. पहारेकरी झोपलेला आणि दार ठोठावणारा जागा. सगळ्यात जास्त जातं मणक्यातून."

"मग लाडू?"

"लाडू तुमच्या ताकदीसाठी. उपाशी राहिलात तर हाल वाढतील. पण पोतंभर नाचणी खाल्ली तरी मणका आपला वाटा देणारच."

"आणि मग? कायमचं गेलं?"

"नाही. दूध सुटलं की बहुतेक बायकांत ते भरून येतं. काही महिन्यांत. लाखो वर्षं असंच चाललंय."

"मग हे कंपनीला सांगा."

"सांगितलं. पट्टीला आजचा आकडा कळतो. उद्याचा नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन रस्ते आहेत. पाजणं बंद करा. नाहीतर रोध घ्या."

रोध म्हणजे नवीन इंजेक्शन. छातीचा निरोप हाडापर्यंत पोचूच द्यायचा नाही. दूध येईल, हाड जाणार नाही. ऐकायला इतकं सोयीचं की मी लगेच दंड पुढं केला. सोयीच्या गोष्टीचा मला एरवी संशय येतो. त्या दिवशी आला नाही.

आकडा जिथल्या तिथं थांबला. सुहासनं अंगठा पाठवला. सासूबाईंचा फोन आला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? तुझ्या माहेरी नुसतं दूधभात घालून बाळंतपण उरकलं. डिंक, आळीव, जेवणानंतर चुना लावून विडा, हे पाहिजेच. आणखी एक डबा पाठवते." मी हो म्हटलं. माझ्या हाडांवरून दोन घरांची भांडणं मिटत होती, मी कशाला मधे बोलू.

डबा कंपनीच्या मालड्रोननं आला. वाऱ्यात झाकण उडालं आणि निम्मे लाडू पठारावर सांडले. कावळ्यांची हाडं घट्ट झाली असतील.

मग ती सकाळ. रात्रभर जाई दातांमुळं रडत होती आणि सारखी पीत होती. उजाडल्यावर तिला पाळणाघरातल्या बाईकडं दिलं, एक लाडू तोंडात टाकला आणि टॉवरला गेले. चढताना पट्टी काढून खालच्या कपाटात ठेवायची, असा नियम आहे. ती शिडीत अडकू नये म्हणून.

निम्म्याच्या वर गेले आणि ओठांना मुंग्या आल्यासारखं झालं. मग बोटांना. वाटलं, थंडी. मग उजवा हात शिडीवरून सुटला, आणि पुन्हा धरायला गेले तर धरेना. मनगट वाकलेलं, बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत ओढलेला. हा हात मी पाहिला होता. अडलेलं रेडकू काढायला आई म्हशीच्या अंगात हात घालायची, तेव्हा ती असाच करायची. फक्त ती मुद्दाम करायची. माझा आपोआप झाला होता आणि हलवता येत नव्हता. मग डावाही तसाच झाला.

खाली आमचे फोरमन सलीमभाई मुल्ला होते. कानातल्या यंत्रात त्यांचा आवाज आला.

"ताई, थांबलात का?"

"हात मिटत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे हात मिटत नाहीत, सलीमभाई."

"दोर लावलाय ना?"

"लावलाय म्हणून तर बोलतेय."

"घाबरू नका. येतोय."

"घाबरले नाही. चिडलेय."

"चिडा, चिडा. वर पोचेपर्यंत चिडतच ऱ्हावा."

सलीमभाईंचे गुडघे कधीचे गेलेत. जिन्यानं क्यान्टीनला जाताना वाटेत दोनदा थांबतात. पण त्यांची पट्टी हिरवी, म्हणून ते चढायला पात्र. ते वर येत होते, प्रत्येक पायरीला कण्हत, आणि मी दोन्ही कोपरं शिडीत अडकवून दोराला लटकले होते. खाली माझं पठार. कुंपणाच्या पलीकडं आईच्या वस्तीचा धूर. पाळणाघराचं पत्र्याचं छप्पर. तिथं जाईच्या पिण्याची वेळ झाली आणि अंगाला ते घड्याळ न बघता कळलं. पान्हा फुटला. हात दगडासारखे आणि छाती वाहतेय. ज्याच्यापायी मी मरायला टेकले होते तेच काम माझं अंग इमानेइतबारे करत होतं. मी तिथं मोठ्यानं शिव्या दिल्या. कुणाला, ते माहीत नाही. वाऱ्यानं सगळ्या नेल्या.

सलीमभाईंनी मला दोरानं खाली उतरवलं. दवाखान्यात शिरेतून सावकाश कॅल्शियम गेलं तशी बोटं एकेक करून उघडली. पडद्यावर सबनीसबाईंचा चेहरा उतरला होता.

"कोठाराला आम्ही कुलूप घातलं," त्या म्हणाल्या. "दूध मात्र थांबलं नाही. मग ते रक्तातलंच ओढून नेत राहिलं. रक्तात कॅल्शियम फार कमी पडलं की नसा बिथरतात, स्नायू आखडतात. पोटातून भरपाई व्हायला वेळ लागतो. सकाळपासून काय खाल्लं होतं?"

"एक लाडू."

"रोध बंद. तुमच्या अंगाला नाही चालत."

"पट्टीनं काय सांगितलं होतं?"

त्यांनी बाजूला बघितलं. "हिरवा."

मी मरत होते तेव्हा माझा आकडा उत्तम होता, आणि तो कपाटात बंद होता.

आई दुसऱ्या दिवशी कडा चढून आली. चुलीवरची भाकरी फडक्यात बांधून, आणि तोंडात शिव्या भरून.

"म्हैस बसती तशी बसलीस व्हय गं तू," ती म्हणाली. "व्याल्यावर दुधाचा लोंढा लागतो आन् म्हैस मान पोटाकडं वळवून बसून घेती, तशी. पर तिला कुणी इंजेक्शन देऊन बसवत न्हाय, तिची ती बसती."

"सुहासला आकडा पाहिजे, आई. कंपनीला पाहिजे. आता इंजेक्शन बंद, म्हणजे आकडा उतरणार. लाल झाला की मला पुण्याला पाठवतील."

"हाडं जात्यात, परत येत्यात. आमच्या म्हशींचं दर वेताला हेच. त्येंला कुणी खाली उतर म्हनलंय का?" तिनं माझ्या पायाकडं बघितलं. "तुझ्या नवऱ्याला हाडंच बघायची हायेत ना? दे हिकडं ती पट्टी. चंद्रीला बांधते. आटल्याली हाय, आत्ताच गाभण ऱ्हायलीय. नडगी बघ तिची, मुसळ हाय मुसळ."

मी हसले. ती हसली नाही. तिनं हात पुढं केला होता.

पट्टीला नाडी मोजता आली असती तर हे जमलं नसतं. तसं मॉडेल मिळतं. पण आमच्या कंपनीनं हाडापुरतंच घेतलं होतं. बाकीचं अंग त्यांच्या कामाचं नव्हतं.

आकडा उड्या मारत वर गेला. दोन दिवस पट्टीनं 'पुन्हा मोजणी सुरू' असं दाखवलं, मग तिनं मान्य केलं. पडद्यावर लिहून यायला लागलं : 'हाडं अतिशय दाट. रोजची चाल उत्तम. ओल्या जागी जास्त वेळ बसू नका.' चंद्री डबक्यात बसायची. कंपनीनं क्यान्टीनच्या भिंतीवर माझा फोटो लावला, खाली अक्षरं : 'हाडं घट्ट, काम फत्ते.' सासूबाईंनी पेढे वाटले. सुहासचा फोन आला.

"बघ, दूध तोडलंस तर कसा फरक पडला."

मी दूध तोडलं असं मी कधीच म्हटलं नव्हतं. त्यानं आकड्यावरून ओळखलं होतं.

"हो," मी म्हटलं. "पडला फरक."

"आता तुझा आवाजही बरा वाटतोय."

मी तसाच दिसणारा रिकामा पट्टा पायात घालून यायचे, खालच्या कपाटात ठेवायचे आणि चढायचे. माझी हाडं हलकी होत होती, हे मला माहीत होतं. दोन दोर लावायचे, घाई करायची नाही, पोटभर खाल्ल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. माझी काळजी जेवढी घेतली गेली तेवढी मी घेतली. संध्याकाळी जाई प्यायची आणि फोन वाजायचा. नवरा, सासू, कंपनी. सगळे मला विचारत होते आणि सगळे म्हशीशी बोलत होते. सुहासला त्या वर्षी रजाच मिळाली नाही. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. याचा राग यायला पाहिजे होता. यायचाही. पण फोन ठेवल्यावर क्वार्टरमध्ये जे उरायचं ते रागापेक्षा मोठं होतं, आणि त्याला पट्टीत रंग नव्हता.

खरं कुणाला सांगावं, असं दोनदा वाटलं. एकदा सलीमभाईंना सांगणार होते. ते म्हणाले, "ताई, तुमच्या फोटोमुळं आमच्या सुनेला रोज बोलणी बसतात, तुम्ही काय खाता ते लिहून द्या." मी नाचणी म्हटलं आणि गप्प बसले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी जाईनं तोंड फिरवलं. पदर ओढायची ती ओढला नाही. ताटातल्या भाकरीकडं बोट केलं, तुकडा उचलला आणि माझ्याकडं पाठ करून खात बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. दूध सुटलं. छाती ठणकत होती, मी कोबीची पानं बांधून पडून होते, आणि ही गोष्ट सांगायला अख्ख्या जगात माणूस नव्हता. सगळ्यांच्या लेखी ते कधीच सुटलं होतं.

आता आतमधे उलटा कारभार सुरू झाला असणार. छातीचा निरोप बंद, इस्ट्रोजेन पहाऱ्यावर हजर, आणि हाड बांधणाऱ्या पेशी पडलेली भगदाडं बुजवायला लागलेल्या. पायरी चढताना मला उगाच वाटायचं, आज जरा भरीव पाऊल पडलं. त्याचा आकडा कुणाकडं नव्हता. माझ्याकडंसुद्धा.

पावसाळा संपता संपता चंद्री व्याली.

दोन दिवसांची सुट्टी होती, मी जाईला घेऊन आईकडं गेले होते. रेडकू छान, काळंभोर, कपाळावर चंद्रीसारखाच चांद. चंद्रीला दूध उतरलं ते बादली पुरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठेना. मान पोटाकडं वळवलेली, कान गार.

"बसली," आई म्हणाली. गुरांच्या डॉक्टरला फोन केला. तो दोन गावं पलीकडं होता.

पण त्याच्याआधी आभाळातून घरघर आली. लाल दिवा लावलेला, पोटाला पेटी बांधलेला कंपनीचा तातडीचा ड्रोन. गोठ्यासमोर उतरला. समोरच्या पडद्यावर सबनीसबाई.

"दर्शना, ऐकू येतंय? तुमचं कॅल्शियम धोक्याच्या रेघेखाली गेलंय. हलू नका. दर्शना?"

मी जाईला कडेवर घेऊन पडद्यासमोर उभी राहिले.

"ऐकू येतंय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं. चंद्रीच्या पुढच्या पायात पट्टी होती, शेणानं माखलेली, आणि चकचक करत होती.

आई तोवर पेटीचं झाकण उघडत होती.

"बाटल्या माणसाच्या मापाच्या आहेत," बाई म्हणाल्या. "तिला पुरणार नाहीत."

"डॉक्टर येईतो मान वर धरंल," आई म्हणाली. "कामाची चीज हाय, धाडलीत बरं केलं."

गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवर आला, ड्रोनच्या बाटल्या बघून चकित झाला, मग त्यानं त्या आणि आपल्या मोठ्या बाटल्या सावकाश शिरेत सोडल्या. चंद्री थरथरली, ढेकर दिली, आणि पुढचे पाय टेकून उभी राहिली. रेडकू लगेच कासेला लागलं.

मी लटकले होते तेव्हा सलीमभाई गुडघ्यांवर हात देत आले होते. म्हशीसाठी ड्रोन आला. मला चंद्रीचा हेवा वाटला, हे लपवत नाही.

"मला हे लिहावं लागेल," सबनीसबाई म्हणाल्या.

"लिहा. आणि हेही लिहा की ही व्याली, हिची हाडं उतरली, ही बसली. आणि हिला कुणी पुण्याला पाठवलं नाही."

त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. ते मला नंतर कळलं.

कंपनीनं नोटीस काढली, फोटो भिंतीवरून उतरवला आणि कऱ्हाडच्या मोठ्या यंत्राखाली माझी तपासणी ठरवली. आकडा खाली निघाला तर खुर्ची आणि हेडफोन. त्या दिवशी बाई पहिल्यांदा पडद्याबाहेर, हाडामांसाच्या भेटल्या. माझ्याएवढ्याच उंच होत्या. यंत्र माझ्या पाठीवरून सरकलं. त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला आणि बोटानं मणके दाखवत गेल्या.

"भरून आलंय. बाळंतपणाआधी होतं तेवढं." मग यंत्र बंद करत, "मी म्हटलं होतं."

"हो. तुम्ही म्हटलं होतं."

"नोटीस मागं घेतील. चढाल तुम्ही. पट्टी मात्र परत बांधावी लागेल."

"बांधते. कुटुंब सुविधा बंद करा."

त्यांनी तिथल्या तिथं बंद केली. मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले तोवर फोन वाजला. सुहास. सगळं त्याला कळलं होतं, म्हैस, ड्रोन, नोटीस. आता त्याच्या पडद्यावर माझी जागा काळी झाली असणार.

"म्हशीचा आकडा दाखवत होतीस मला?" तो म्हणाला. "एवढे महिने? माणूस म्हणून काही..." मग त्याचा आवाज खाली आला. "दर्शू, काही दिसत नाहीये मला. तुझा खरा आकडा किती?"

जाई माझ्या मांडीवर उभी राहून माझं बोट चावत होती. बोटावर चांगले खड्डे पडले होते.

"सांगते," मी म्हटलं. "आधी तू सांग. जाईला दात किती आले?"

तिकडं समुद्राचा वारा होता. इकडं कऱ्हाडच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी थांबले. खरंच थांबले.

"सहा?" तो म्हणाला.

मी फोन ठेवला. जाईचा जबडा उघडून पुन्हा एकदा बघितलं. आठ होते. पांढरे, घट्ट, माझ्याच हाडांचे.